मशिदीमागचा आड

माझ्या सासऱ्यांच्या लेखी सरकार म्हणजे जेवायला येणारा माणूस. निजामाच्या राज्यात तहसीलदार आला, गिरदावर आला, पोलिसांचा अमीन आला, की आमच्या परसात बोकड पडायचा. अंमलदार जेवून ढेकर देऊन गेला की गावची निम्मी कामं झाली, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. बोकड कापायचा मुलाण्यानं. मुलाणी म्हणजे गावचा मुसलमान बलुतेदार. मशिदीत दिवा लावायचा आणि गावाचे बोकड-कोंबडे कापायचे, ही त्याची पिढीजात कामं. आलेला अंमलदार हिंदू असो की मुसलमान, सुरी मुलाण्याचीच. त्यानं बिस्मिल्ला म्हणून कापलेलं नसलं तर आम्ही पाटलाच्या घरचे मराठेसुद्धा ते मटण तोंडाला लावत नसू. यात काही विशेष आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही, मलाही नाही. गावाला सुतार असतो, कुंभार असतो, तसा मुलाणी असतो.

हे मी बोकडाचं कौतुक सांगायला लिहीत नाही. आमचं गाव जे एकदा उघडं पडलं ते या बोकडापायी पडलं, आणि त्याच दिवशी मी जे केलं ते आजवर कुठं बोललेले नाही. आता बोलायला अडवणारं कुणी उरलेलं नाही. खरं तर तेव्हाही मला कुणी हात धरून अडवलं नव्हतं.

माझे वडील कळंबच्या शाळेत मास्तर होते. तिथलं सगळं शिक्षण उर्दूत. घरी मुलगा नव्हता म्हणून की काय, त्यांनी मलाच पाटीवर अलिफ-बे गिरवायला बसवलं. शेजारपाजारचे हसायचे. पोरगी काय निजामाच्या कचेरीत बसणार आहे का, असं माझ्या आईला विचारायचे. आई वैतागायची, वडील मात्र माझं अक्षर चार लोकांना दाखवत हिंडायचे. सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी कळंबपासून चार कोसांवरच्या या गावात पाटलाची धाकटी सून म्हणून आले. इथं माझ्या उर्दूचा उपयोग शून्य होता. उपयोग होता तो डोक्याचा आणि कमरेचा, पाणी वाहायला.

आमच्या घरच्या विहिरीचं पाणी मचूळ. डाळ शिजायची नाही. म्हणून प्यायचं पाणी मशिदीमागच्या आडावरून आणायचं. आड म्हणजे अरुंद तोंडाची खोल विहीर. वर रहाट, दोराला बांधून घागर सोडायची. पाणी गोड आणि उन्हाळ्यातही गार. तिथं पहाटेपासून मुलाण्याची बायको असायची, कारण तिचं घर आडाला लागूनच. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, हाडापेरानं मजबूत, बोलायला तिखट. मी माहेरी कधी पाणी वाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी हंडा भरून मी नुसती बघत उभी राहिले. भरलेला हंडा एकटीला डोक्यावर घेता येत नाही, त्याला दुसऱ्या बाईचे हात लागतात. ती हसली, म्हणाली, "मास्तराची लेक ना तुमी? पुस्तक उचलायचं असतं तर तुमीच उचललं असतं." आणि तिनं हंडा माझ्या डोक्यावर दिला. पुढं चार वर्षं, बाहेरची बसले तेवढे दिवस सोडले, तर रोज सकाळी हंडा तिनंच दिला. मी तिला भाभी म्हणत असे, ती मला वैनी.

मग दिवस फिरले. रझाकारांनी आसपासच्या गावांत जे केलं ते मी नाकारणार नाही. आमच्याही गावावर ते आले, ज्वारीची पेवं उकरून नेली, आणि वेशीजवळ एका तरण्या मुलाला गोळी घातली. त्याची आई पुढं कितीतरी दिवस वेशीत येऊन बसायची. पण हेही खरं की त्या दिवशी गावातल्या आम्ही बायका उसात लपून बसलो होतो, ते मुलाण्यानं आदल्या दिवशी सांगावा दिला म्हणून. माझे यजमान तेव्हा हद्दीपलीकडच्या छावणीत गेले होते. तिथं निजामाविरुद्ध लढणारी पोरं जमत.

हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि निजामानं हात टेकले, ते दिवस भाद्रपदातले. गावात गूळ वाटला. त्यानंतर लगेच पितरपाख लागला. ज्यांनी लूट केली होती ते रझाकार केव्हाच पळाले होते, कुणी हैदराबादला, कुणी आणखी कुठं. जे आपापल्या घरी बसले होते, ते सापडले.

मी काय पाहिलं ते सांगते. मी काहीच पाहिलं नाही. दुपारची वेळ, मी चुलीपुढं होते. बाहेर गलका झाला, तेव्हा सासऱ्यांनी उठून मोठा दरवाजा लावला आणि अडणा घातला. ते परत येऊन बाजेवर बसले आणि सुपारी कातरू लागले. सुपारी कातरून संपली तरी अडकित्ता चालूच होता. त्यांनी कुणाला मारलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. दरवाजा लावला, एवढंच केलं. गावात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नव्हतं, आणि त्या दुपारी त्यांनी तो शब्द काढलाच नाही.

सासूबाई मात्र मागच्या दारानं गेल्या आणि मुलाणणीला दंडाला धरून घेऊन आल्या. तिला जात्यापुढं बसवलं, स्वतःच्या करंड्यातलं कुंकू तिच्या कपाळाला फासलं आणि म्हणाल्या, "दळ. तोंड वर करायचं न्हाय." थोड्या वेळानं चार-पाच जण मागच्या दाराशी आले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "ही माझ्या म्हायेरची हाय," म्हणाल्या. आलेले सगळे गावचे. तिला जन्मात शंभरदा पाहिलेले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, सासूबाईंकडं पाहिलं आणि ते निघून गेले. ती दळत राहिली. जात्यात दाणे नव्हते, हे मला मागून कळलं.

तिचा नवरा, दीर, म्हातारा सासरा आणि तांबोळ्याच्या घरचे दोघं बापलेक, असे पाच जण त्या दुपारी आडात गेले. माझे यजमान त्याच सकाळी छावणीतून परत आले होते. दुपारी ते घरात नव्हते. दिवेलागणीच्या आधी आले, आंघोळ केली आणि जेवायला बसले. ते कुठं होते, हे मी त्यांना त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढं चाळीस वर्षांच्या संसारातही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या घराण्याची तिथी होती. आम्ही खीर केली, वडे केले, आणि माळवदावर कावळ्यांना पान ठेवलं.

आड आठवडाभरात बुजला. दगड, माती, तरवड, काय मिळेल ते टाकलं. आम्ही बायका नदीच्या वाळूतल्या झिऱ्यावर जाऊ लागलो. मुलाणीण आमच्याच घरी राहिली, कपाळाला कुंकू लावून. दळणकांडण करायची, शेण काढायची. पहिले दोन महिने ती कामापुरतंसुद्धा बोलली नाही.

दिवाळी झाल्यावर वडील मला भेटायला आले. कळंबला एका आडत्याच्या दुकानात रेडिओ होता, तिथं ते रोज बातम्या ऐकायला जायचे. त्यांनी सांगितलं की समुद्रापार सगळ्या देशांची एक मोठी सभा भरते, तिच्यापुढं हैदराबादचं प्रकरण गेलं आहे. तिकडचे काही देश विचारताहेत, की लष्कर आल्यावर तिथल्या मुसलमानांचं काय झालं? कुणी त्रयस्थानं जाऊन बघावं, असं त्यांचं म्हणणं. दिल्लीवाले म्हणतात, हा आमच्या घरातला मामला आहे. पण बोभाटा झाला म्हणून दिल्लीहूनच काही मंडळी बघायला पाठवली आहेत, आणि ती आपल्या जिल्ह्यात फिरताहेत.

"मग खरं कळेल म्हणायचं," मी म्हणाले.

वडील हसले. "शाळा तपासायला इन्स्पेक्टर येतो तेव्हा तो हेडमास्तराकडंच उतरतो, आणि मुलांना काय विचारायचं ते हेडमास्तरच सुचवतो. माणूस वाईट नसतो गं. पण जेवलेला असतो."

हे बोलणं चाललं होतं तेव्हा मुलाणीण अंगण झाडत होती. वडील गेल्यावर ती माझ्याजवळ आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती आपणहून बोलत होती.

"वैनी, ते लोक किती लांब ऱ्हातेत?"

"लई लांब, भाभी. जहाजानं महिना लागत असंल."

"आणि त्यांनी आमचं इचारलं?"

"तुमचं म्हणजे तुमच्यासारख्या सगळ्यांचं."

तिनं केरसुणीच्या काड्या नीट केल्या. मग म्हणाली, "येवढ्या लांबच्या मानसानं इचारलं. हितं वेशीतून मारुतीपतूर कुणी इचारलं न्हाय." आणि तिनं मला तिच्या मनातलं सांगितलं. तिला कुणाला फासावर चढवायचं नव्हतं. पाचही जणांना मारणारे तिला नावानिशी ठाऊक होते, रोज समोरून जात होते. तिला फक्त आड उकरायला हवा होता. नवऱ्याला वर काढायचं, नमाज पढून मट्टी द्यायची. "कफनाला म्या माझं लुगडं फाडीन," ती म्हणाली. "पर हुकूम पायजे. सरकारच्या हुकमाबिगर कोन उकरतंय?"

तेव्हापासून ती त्या मंडळींची वाट पाहू लागली. मळ्यात जाताना गाडीवाटेकडं बघायची. मला धास्ती वाटायची, आणि तिला एवढी आशा लागली याचा रागही यायचा, कारण तिच्या त्या आशेत मला ओढलं जाणार हे मला कळत होतं.

मार्गशीर्षात निरोप आला, की दिल्लीची माणसं आमच्या गावाला येणार. सासऱ्यांनी मारुतीच्या देवळात गाव गोळा केला. सोनारीच्या भैरोबाची आण घेऊन सगळ्यांनी ठरवलं, की आडाचा शब्द काढायचा नाही. बुजवलेल्या जागेवर आमच्या कडब्याची गंजी आणून रचली. दोन दिवस चार गडी पेंढ्या वाहत होते. गंजी अशी बेतशीर रचली होती की वर्षानुवर्षं तिथंच आहे असं वाटावं. त्या कामात गावानं जेवढी एकी दाखवली तेवढी मी पुढं कुठल्याही कामात पाहिली नाही.

गावाचा लेखी जबाबही तयार ठेवायचा होता, आणि तो उर्दूत असावा असं सासऱ्यांना वाटलं, कारण सरकारी कागद उर्दूतच असतो हीच त्यांची सवय. पटवारी पाहुण्याच्या लग्नाला गेला होता, निदान तसं सांगून गेला होता. सासऱ्यांनी मला बोलावलं. ते सांगत गेले, मी पडद्याआड बसून लिहीत गेले. गावातले मुसलमान आपल्या राजीखुशीनं नातलगांकडे गेले आहेत. गावात कोणताही दंगा झाला नाही. हिंदू-मुसलमान पिढ्यान्पिढ्या भावाभावांसारखे राहत आले. मास्तराची लेक म्हणून माझा बोरू कुठं अडला नाही.

शाई वाळायला कागद कोनाड्यात ठेवला होता. मुलाणीण जवळ आली आणि हळूच म्हणाली, "वैनी, यात येकच वळ लिवा. मशिदीमागं आड हाय, त्यात पाच मानसं हायेत. मालकास्नी उर्दू वाचाया येत न्हाय. गावात कुनालाच येत न्हाय. कुनाला कळायचं न्हाय."

खरं होतं. सासऱ्यांना मोडीत सही करण्यापलीकडं काही येत नव्हतं. तो कागद वाचणारी अख्ख्या गावात मी एकटी होते. एक ओळ लिहिली असती तर ती थेट दिल्लीच्या माणसाच्या डोळ्यांपुढं गेली असती. मी म्हणाले, "बघते, भाभी." ती गेली. मी कागदाकडं पाहत बसले, आणि माझ्या डोळ्यांपुढं यजमान त्या दिवशी आंघोळ करताना दिसत राहिले. अंगावर तांब्यामागून तांब्या ओतत होते, थांबत नव्हते. मी कागदाची घडी घातली.

आता बोकड. दिल्लीच्या मंडळींत एक म्हातारे मुसलमान गृहस्थ आहेत असं कळलं, आणि सासऱ्यांच्या पाहुणचाराला भरतं आलं. डाळ-भाकरीवर भागवा, असं सासूबाईंनी सांगून पाहिलं. पण सरकार आलं आणि बोकड नाही, हे त्यांना पटणार कसं? पण कापणार कोण? भाद्रपदापासून गावात कुणाच्या घरी मटण शिजलं नव्हतं. नवसाचे बोकड तसेच दावणीला चरत होते. तीन गावांना माणूस धाडला, मुलाणी कुठंच नव्हता. हिंदू खाटकाकडून कापून घ्या असं कुणी म्हटलं, तर सासरे म्हणाले, "पाव्हन्याला हराम खाऊ घालू काय? येवढं पाप म्या करनार न्हाय."

हे वाक्य मी या कानांनी ऐकलं आहे. माणसं मारताना कुणाला मुलाणी लागला नव्हता.

त्या दिवशी मुलाणणीला पहाटेच लांबच्या मळ्यात पाठवून द्यायचं ठरलं होतं. सासरे दावणीपाशी कपाळाला हात लावून उभे असताना ती गोठ्यातून पुढं आली. "म्या कापते," ती म्हणाली. "बिस्मिल्ला येतंय मला. मरद नसंल तर बाईनं कापलेलं चालतंय." सासऱ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तिच्याकडं असं पाहिलं, की जणू गावावरचं मोठं संकट तिनं टाळलं. कापून झालं की मळ्यात जायचं, एवढं त्यांनी बजावलं. तिनं मान हलवली.

सुरी तिनं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. परसात तिनं बोकडाचं तोंड मावळतीकडं फिरवलं, गुडघा टेकला. बिस्मिल्ला म्हणायला तिला फार वेळ लागला. ते म्हणून झाल्यावर ती आणखी काहीतरी पुटपुटली, त्यात तिच्या नवऱ्याचं नाव होतं. मग सुरी फिरवली. हात न धुता ती गोठ्यात जाऊन बसली. मळ्यात गेली नाही, आणि कुणाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी बोलले नाही. त्या सगळ्या प्रकरणात मी तिच्यासाठी केलं ते एवढंच.

जीप आली. दोन गृहस्थ आणि एक कारकून. एक खादीतले, शाकाहारी. दुसरे ते म्हातारे मुसलमान, पांढरी दाढी, थकलेले डोळे. चौकशी आमच्याच ओसरीवर झाली. बाहेरून येणारा सरकारी माणूस पाटलाकडं उतरतो, तसे तेही उतरले. गावकरी एकेक करून आले, पाठ केलेलं बोलून गेले. माझा कागद वाचला गेला. म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, की इतकं सुरेख अक्षर कुणाचं? सासऱ्यांनी छाती फुगवून सांगितलं, आमच्या सुनेचं. मी दाराआडून ऐकत होते. मला आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

मग पानं मांडली. मटणाचं ताट पुढं आल्यावर म्हातारे गृहस्थ जरा थांबले आणि अवघडून विचारते झाले, की हे कापलं कुणी? म्हणाले, राग मानू नका, पण या जिल्ह्यात आलो तेव्हापासून आम्ही डाळच खातो आहोत. गावोगाव विचारतो, कापायला माणूसच नाही म्हणतात.

सासरे हसले. आयुष्यभर ज्या प्रश्नाचं एकच उत्तर दिलं होतं ते त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. मोडक्या उर्दूत म्हणाले, आमच्या गावात तशी अडचण नाही साहेब, आमच्या मुलाण्याच्याच हातचं आहे, बेलाशक खा.

म्हाताऱ्या गृहस्थांनी उचललेला हात ताटातच ठेवला. कारकुनानं कागद उलगडून पाहिला, त्यात गावातले सगळे मुसलमान राजीखुशीनं निघून गेल्याचं माझ्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं. गृहस्थ म्हणाले, "मुलाणी आहे तर बोलवा त्याला. मला भेटायचं आहे."

"रानात गेलाय," सासरे म्हणाले.

"थांबतो."

तेवढ्यात गोठ्याकडून ती आली. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत वाळलेल्या रक्ताचे. ती ओसरीच्या पायरीशी उभी राहिली आणि म्हणाली, "साब, बकरा मैंच काटी. मुलाणी बावडी में है. मेरे मरद कू मारके बावडी में डाले." तिनं मनगटानं कपाळ पुसलं. कुंकू गेलं आणि त्या जागी रक्ताचा पट्टा उमटला.

ते जेवले नाहीत. उठले आणि तिच्यामागून चालू लागले. गाव मागोमाग. सासूबाईंनी मला हाताला धरून मागं ओढलं होतं, पण थोड्याच वेळात कुणीतरी मला बोलवायला आलं. मी डोईवरचा पदर पुढं ओढून तिथं गेले. गंजीपुढं सगळे उभे होते. ती बोट दाखवून सांगत होती, की हिच्या खाली आड आहे. गावकरी सांगत होते, की इथं आड कधीच नव्हता, बाई डोक्यानं गेली आहे. खादीवाले म्हणत होते, गंजी हलवून बघू. कारकून म्हणाला, उकरायचा हुकूम आपल्याला नाही, लिहून घेण्याचा आहे, आणि दिवस मावळायच्या आत अजून एक गाव करायचं आहे. एका बाईच्या शब्दावर काय लिहायचं? दुसरं कुणी सांगणारं असेल तर दोन साक्षी होतात.

म्हणून त्यांना माझी आठवण झाली होती. लिहितीवाचती बाई, उर्दू जाणणारी.

म्हातारे गृहस्थ सासऱ्यांची परवानगी घेऊन माझ्याशी बोलले. अगदी हळू, माझे वडील बोलायचे तसे. "बेटी, यहाँ कुआँ था?"

मी पदराआडून पाहिलं. सासरे होते. यजमान गंजीला टेकून उभे होते, कडब्याचं एक चिपाड मोडत होते. माझ्याकडं बघत नव्हते. ती बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी काय सांगणार याबद्दल तिच्या मनात काही शंकाच नव्हती, रोज हंडा दिलेल्या बाईबद्दल कशाला असेल?

"मैं इस गाँव में नई हूँ, जनाब," मी म्हणाले. "मुझे नहीं मालूम."

कारकुनानं ते लिहून घेतलं. म्हातारे गृहस्थ म्हणाले, "जीती रहो." जीप गेली.

त्या मंडळींनी पुढं काय लिहिलं ते मला माहीत नाही. ते कागद दिल्लीत कुठंतरी ठेवून दिले, छापले नाहीत, असं वडिलांच्या कानावर आलं. समुद्रापारच्या सभेत नंतर दुसरी प्रकरणं आली असतील. आमच्या गावाला कुणी परत विचारायला आलं नाही.

मुलाणणीला कुणी हात लावला नाही, तिचं नाव सरकारात लिहिलं गेलंय ही भीती गावाला पुरली. तिनं पुन्हा कुंकू लावलं नाही. हैदराबादला तिची बहीण होती, तिकडून बोलावणं आलं तरी गेली नाही. मशिदीशेजारच्या पडक्या खोलीत राहू लागली, गंजीच्या समोर. आणि गावाचे बोकड तीच कापू लागली. ज्यांनी तिच्या नवऱ्याला मारलं त्यांच्या घरचे बोकडही तिनं कापले, त्यांनी ते खाल्ले. मुलाण्याचं इनाम रान मात्र आमच्या औताखाली आलं ते आलंच. माझ्याशी ती बोलायची, सणावाराला वाटा न्यायची. पण झिऱ्यावर गाठ पडली तर माझा भरलेला हंडा बघून ती आपली घागर उचलायची आणि निघून जायची. मी दुसरी कुणी येईपर्यंत उभी राहत असे.

ती गेली तेव्हा माझ्या घरात सुना आल्या होत्या. दुखणं आठ-दहा दिवसांचं. मी रोज पेज घेऊन जात असे. शेवटच्या दिवसांत एकदा तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "वैनी, आता तरी जुन्या झालात का या गावात?"

मी तिच्या तोंडाला पेजेचा चमचा लावला. तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी कळंबहून चार माणसं आली आणि त्यांनी तिला मट्टी दिली.

आता मी जुनी झाले आहे. माझ्याहून जुनं या गावात कुणी नाही. तेव्हा सांगते. मशिदीमागं आड होता. तोंड अरुंद, काठाला दोरांनी पडलेल्या चिरा, रहाट बाभळीचा. पाणी गोड होतं. आत पाच माणसं आहेत. मी चार वर्षं त्या आडाचं पाणी भरलं, आणि हंडा माझ्या डोक्यावर ती देत होती.